परत न आलेली वाटी

"ईरा, आजी कुठं गेली गं?"

"बाहेर."

"बाहेर म्हणजे कुठं?"

"सगळ्यांच्या दारात. परात घेऊन," ईरा म्हणाली आणि पुन्हा खिडकीच्या काचेवर बोटानं घोडा काढायला लागली.

मी बाळाला पाजत होते. तशीच तिला अंगाशी धरून उठले आणि दार जरासं किलकिलं केलं. आमच्या मजल्याच्या लांबलचक बोळातून आत्ती चालल्या होत्या. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलेल्या, कमरेवर परात, परातीत स्टीलच्या वाट्या आणि प्रत्येक वाटीत उकडलेले हरभरे. एका दाराची कडी वाजवली, वाटी दिली, हसून दोन शब्द बोलल्या आणि पुढच्या दाराकडे वळल्या.

बारशाच्या घुगऱ्या! ज्या बाळाचा जन्म झालाय हे आम्हां घरच्यांशिवाय जगात कुणाला माहीत नव्हतं, त्या बाळाच्या बारशाच्या घुगऱ्या माझी सासू दारोदार वाटत होती.

आताच्या पोरींना हे सांगितलं तर त्या म्हणतात, मग त्यात काय एवढं? आता बाळ झालं की सरकारी गाडी पेढे घेऊन दारात येते, त्यामुळे त्यांचंही चुकत नाही. पण तो काळ वेगळा होता. समुद्रानं किनारा गिळला, खालची सगळी माणसं घाट चढून वर आली आणि जतच्या माळावर, जिथं पूर्वी कुसळं उगवायची, तिथं हे मनोरे उभे राहिले. माणसं मुंग्यांसारखी वाढलीत, पाणी तेवढंच आहे, असं सरकारचं म्हणणं. पाणी माणशी मोजून मिळायचं. प्रत्येक मजल्यावर लिफ्टशेजारी पाटी होती, 'एक दार, एक पाळणा', आणि पहिल्या मुलाचं बारसंही चारचौघांत करायला बंदी. दुसरं मूल झालेलं सापडलं तर ते बालसदनात जायचं, आणि त्याच्याबरोबर पहिलंही. बालसदन कुठं आहे हे आईबापांना सांगत नसत. शेजाऱ्यापाजाऱ्यांपैकी कुणाला माहीत होतं आणि तो गप्प बसला असं दिसलं तर त्याचं पाणी निम्मं. खबर देणाऱ्याला मात्र जादा पाणी. असा सगळा चोख बंदोबस्त.

तरी मला दिवस राहिले. दरवर्षीची टोचणी घेतलेली असूनही राहिले. मी सैल झगे घालत होते आणि आत्ती मजल्यावर सांगत फिरत होत्या, "सुनेच्या अंगावर पाण्याची सूज आलीया." प्यायला पाणी मिळेना आणि अंगावर पाण्याची सूज! पण लोक मान डोलवायचे. बाळंतपण आत्तींनीच केलं, घरातल्या घरात. बाळ रडायला लागलं की आत्ती मोठ्यानं भजन सुरू करायच्या. मजल्यावर सगळ्यांना वाटलं असेल, म्हातारी देवाला लागली.

आत्तींचं नाव स्वरा. त्यांच्या पिढीत दर चौथ्या घरात एक स्वरा असायची म्हणे. नाव असं नाजूक आणि बाई मात्र माळावरच्या बाभळीसारखी चिवट. त्यांच्या लग्नात मामानं वाट्यांचा मोठा सेट दिला होता आणि प्रत्येक वाटीवर कोरून घेतलं होतं, 'चि. सौ. कां. स्वरा हिस मामाकडून'. पुराच्या वर्षी घरातलं सगळं वाहून गेलं, आत्तींनी वाट्या तेवढ्या वाचवल्या. त्याच वाट्या आता एकेका दारातून आत चालल्या होत्या, नावासकट.

मला ओरडताही येईना. ओरडले असते तर बाळ दचकून रडलं असतं. आत्ती एकेक दार करत बोळाच्या टोकाला, लिफ्टजवळच्या दाराशी पोचल्या. ते दार प्रमिला सनदींचं होतं.

प्रमिलाताई म्हणजे आमची मजला-ताई. प्रत्येक मजल्यावर खात्यानं नेमलेली एक बाई असे. कुणाच्या घरी कोण आलं, कुणाचं पोट पुढं दिसतंय, कुणाच्या दोरीवर काय वाळतंय, हे बघायचं आणि वर कळवायचं, हे तिचं काम. बाई एकटीच राहायची. राखाडी साडी, घट्ट अंबाडा, ओठ कायम मिटलेले. एकदा स्वतःचाच नळ टपकत राहिला म्हणून तिनं स्वतःलाच दंड केला होता. असल्या बाईपुढं काय गयावया करणार?

आत्तींनी कडी वाजवली. दार उघडलं. एक हात बाहेर आला, वाटी घेतली आणि दार लागलं. दोघींत शब्दही झाला नाही.

रिकामी परात घेऊन आत्ती घरी आल्या तेव्हा त्यांचा चेहरा लग्नघरातून आल्यासारखा फुललेला होता.

"आत्ती, हे काय केलंत तुम्ही?"

"काय केलं? बारसं केलं."

"आपलं काय ठरलं होतं? दार लावून, घरातल्या घरात नाव ठेवायचं. बस्स."

"ठरलं हुतं. मी कुटं न्हाई म्हंते? परात भरली ती रीत म्हनून, निसतं मुल्लाभाभीच्या दारात जाऊन येनार हुते. बाळतपनात तिनं गूळ दिला न्हवं का, न विचारता. पर भाभीच्या शेजारचं दार उघडं हुतं. ती पोरगी बघत हुती. तिला कशी वगळू? मग तिसरं दार आलं. घुगऱ्या वाटताना दार वगळत न्हाईत, पोरी. माझ्या आईनं न्हाई वगळलं, तिच्या सासूनं न्हाई वगळलं. ज्या घरात बोलनं बंद असतंय तिथंबी घुगऱ्या जात्यात."

"अहो, पण प्रमिलाताईंच्या दारात?"

आत्ती परात ठेवायला वाकल्या होत्या, तशाच थांबल्या. परात हातातच राहिली. त्यांना तोवर ते कळलंच नव्हतं, हे मला तेव्हा दिसलं. एकदा दारं घ्यायला लागल्यावर हात आणि पाय सवयीनं चालत गेले होते आणि शेवटचं दार कुणाचं, हे डोक्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

"आता गं बया," त्या म्हणाल्या आणि भिंतीला टेकून खाली बसल्या.

मला रागही येत होता आणि रडूही. काहीतरी करायचं म्हणून मी पातेल्यात उरलेले चार हरभरे तोंडात टाकले. दर महिन्याच्या शिध्यातून मूठमूठ बाजूला काढून आत्तींनी ते साठवले होते. मला वाटायचं, म्हातारपणी माणूस चिकट होतो. मी चावले आणि थांबले.

"आत्ती, ह्यात मीठ कुठंय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "अळणी! अख्ख्या मजल्याला अळणी घुगऱ्या वाटल्या मी! काय म्हंतील लोकं?"

सरकारी गुन्ह्याचं त्यांना एवढं काही वाटलं नसावं, मिठाचं मात्र फार लागलं.

दुपारपासून वाट्या परत यायला लागल्या. आमच्याकडे शेजारचं भांडं रिकामं परत करत नाहीत, हे काही मी सांगायला नको. पहिल्या आल्या त्या समोरच्या मुल्लाभाभी. वाटीवर तळहात झाकून, पाय जपून टाकत आल्या. हात काढला तर वाटी पाण्यानं काठोकाठ भरलेली. त्या काळात पाणी देणं म्हणजे काय हे त्या काळच्या माणसालाच कळेल.

"भाभी, हे नको. तुमच्या घरात चार माणसं."

"चूप बस. दाखव कुठंय ती." बाळाला हातात घेऊन त्यांनी तिच्या कपाळावर बोट टेकवलं. "आम्हाला दिवाळीपासून माहीत होतं."

"काय?"

"सगळ्यांनाच. सूज म्हणे! मला तीन नणंदा आहेत, सूज कसली असते ते कळतं. पण तुम्ही सांगेना, मग आम्ही कसं येणार? न सांगता आलेलं पोर मांडीवर कसं घ्यायचं?" आणि निघताना म्हणाल्या, "घुगऱ्या मस्त झाल्यात हं, आजी."

आत्तींनी मान खाली घातली.

त्यानंतर रीघच लागली. कुणी पाणी आणलं, कुणी गुळाचा खडा, कुणी कुठून जपून ठेवलेली जुनी कुंची. ज्या घराशी नळावरून आमचं भांडण होतं, तिथल्या बाईनंही वाटीत काळे मणी घालून आणले आणि बाळाच्या मनगटाला बांधून गेली. सगळ्यांनी घुगऱ्यांचं कौतुक केलं. एकानंही मिठाचं नाव काढलं नाही.

संध्याकाळी ओजस, माझा नवरा, जलशुद्धीच्या कामावरून आला. ओट्यावर भरलेल्या वाट्यांच्या रांगा बघून तो दारातच उभा राहिला. मी सगळं सांगितलं. त्यानं एकेक वाटी मोजली. मग म्हणाला, "एक कमी आहे."

"प्रमिलाताईंची," मी म्हणाले.

"वाटीवर आईचं नाव आहे. आत घुगऱ्या आहेत. दुसरा पुरावा काय हवा?" तो ईराकडे बघत हळू आवाजात बोलत होता. "तेजल, मी काय म्हणतो ऐक. आपण होऊन सांगितलं तर पहिलं मूल घरी ठेवतात. सापडलो तर दोन्ही नेतात. उद्या सकाळी आपणच जाऊ. ईरा तरी राहील."

"आणि मंजुळा?"

नाव सकाळीच ठेवलं होतं, आत्तींच्या आईचं. नाव नसतं तर तो पुढं बोलला असता, असं मला वाटतं.

मी उठले आणि बोळातून सरळ प्रमिलाताईंच्या दाराशी गेले. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. दार उघडल्यावर तोंडातून निघून गेलं, "आमची वाटी राहिलीय तुमच्याकडे."

प्रमिलाताई दार अडवून उभी होती. "कसली वाटी?"

"सकाळची. आत्तींनी दिलेली."

"मला कुणी काही दिलेलं नाही."

तिच्या खांद्यावरून मला आतलं फडताळ दिसत होतं. त्यावर आमची वाटी होती, वर बशी झाकलेली. मी वाटीकडे बघतेय हे तिनं पाहिलं. ती बाजूला झाली नाही.

"ताई, तुम्ही बाई आहात," मी म्हणाले. मला भीक मागायची नव्हती, पण आवाज भिकेचाच निघाला. "ती बारा दिवसांची आहे."

"ऐवळेबाई, मी आज दिवसभर घरी नव्हते. वरच्या मजल्यावर बैठक होती. कोण आलं, काय दिलं, कोण किती दिवसांचं, मला काही माहीत नाही. कळलं?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी एक पाऊल मागं सरले. "आणि नळ नीट बंद करत जा. काल तुमच्याकडून थेंब पडत होता."

दार लागलं. मी समजायचं ते समजले. बाई स्वतःपुरती वाट मोकळी करून घेत होती. घुगऱ्या खाल्ल्या नाहीत म्हणजे माहीत नव्हतं, माहीत नव्हतं म्हणजे पाणी शाबूत. आणि वाटी राहिली फडताळात, खात्याच्या साहेबाला दाखवायला.

त्या रात्री आमच्या घरात कुणी जेवलं नाही. सकाळी ओजसनं कपडे घातले, मी बाळाला कुंची घातली. आम्ही खरंच निघालो होतो. मी मनात ठरवत होते की तिला देताना तिच्या तोंडाकडे बघायचं नाही. तेवढ्यात मुल्लाभाभी धावत आल्या.

"साहेब आलाय. लिफ्टमधून उतरला आत्ताच. प्रमिलाताई सोबत आहे. झडती घेतोय." आणि काही विचारायच्या आत त्यांनी माझ्या हातातून बाळ घेतलं, दुपट्ट्याखाली धरलं. "तुम्ही घरात थांबा. घुगऱ्या खाल्ल्यात आम्ही. आता तिचं आम्ही बघतो."

बोळातून साहेबाचा आवाज येत होता. तरुणच होता, गुळगुळीत दाढीचा. "काल या मजल्यावर बरीच वर्दळ होती म्हणे. खालच्या मजल्यावरून कळलंय. काय होतं?"

"कल्पना नाही, साहेब. मी काल घरी नव्हते," प्रमिलाताई म्हणाली.

साहेब एकेका घरात शिरत होता, प्रमिलाताई किल्ल्या घेऊन बाहेर उभी. मी दाराच्या फटीतून बघत होते. साहेब डावीकडच्या घरात गेला की उजवीकडचं दार उघडायचं. मुल्लाभाभी एका दारातून निघाल्या, छातीशी हात धरून, प्रमिलाताईंच्या अगदी जवळून गेल्या, आणि ज्या घराची झडती झाली होती तिथं शिरल्या. प्रमिलाताईंनी मान वळवली आणि ती लिफ्टजवळची पाटी वाचायला लागली. 'एक दार, एक पाळणा'. ती पाटी तिनंच लावलेली होती, दर आठवड्याला स्वतःच पुसत असे. एवढं त्यात काय वाचायचं होतं, देव जाणे.

माझ्यामागं आत्ती उभ्या होत्या. बारशाला पाळण्याच्या खालून आणि वरून बाळ या बाईच्या हातातून त्या बाईच्या हातात देतात, तसे त्यांचे हात नुसतेच हलत होते.

आमच्या घरी साहेबानं पलंगाखाली, पिंपात, अगदी पिठाच्या डब्यातही पाहिलं. ओट्यावरच्या वाट्या बघून विचारलं, "एवढं पाणी वाट्यांतून का ठेवलंय?"

"मोजून वापरायला, साहेब," आत्ती म्हणाल्या. साहेबाला ते आवडलं.

टोकापर्यंत जाऊन तो परत फिरला आणि म्हणाला, "आता उलट्या बाजूनं पुन्हा एकदा बघू. अचानक."

झडती झालेलं घर आता सुरक्षित नव्हतं. बाळ होतं लिफ्टच्या बाजूला, एका नव्यानं लग्न झालेल्या पोरीच्या घरात. ती घाबरली. साहेब टोकाच्या घरात शिरताच ती बाळ घेऊन बोळात आली, इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. कुठं जाणार? शेजारचं दार प्रमिलाताईंचं. मजला-ताईच्या घराची झडती कधी होत नसे. आणि ते दार, जे बाई जिन्यापर्यंत गेली तरी कुलूप लावून जायची, त्या दिवशी नुसतं लोटलेलं होतं. पोरीनं दार ढकललं, बाळ आत ठेवलं, दार ओढलं आणि आपल्या घरात पळाली. प्रमिलाताई तेव्हा साहेबाबरोबर बोळाच्या या टोकाला, माझ्यासमोर होती. तिची पाठ तिकडं होती.

दुसरी फेरीही संपली. काही सापडलं नाही. साहेबानं रुमालानं मान पुसली. "उगाच खेप झाली. चला ताई, तुमच्याकडे घोटभर चहा घेतो आणि निघतो."

दोघं तिच्या दाराकडे चालू लागली. मी घरात थांबायचं विसरून त्यांच्या मागं बोळात आले. प्रमिलाताईंनी दाराला हात घातला आणि तेवढ्यात आतून एक बारीकसा आवाज आला. कुणी नीट ऐकलं नसतं तर दाराची बिजागरी वाजली असं वाटलं असतं. पण माझ्या पोलक्याला ओल आली. भुकेचं रडं होतं ते, नुकतं सुरू होणारं.

प्रमिलाताईंचा हात दारावर तसाच राहिला. तिनं ऐकलं होतं. मला तिची फक्त पाठ दिसत होती, आणि अंबाडा.

"साहेब," ती म्हणाली, "चहा नाही देता यायचा. मला सुतक आहे."

"सुतक?"

"चुलत बहीण गेली. सकाळीच कळलं. माझ्या घरात पाणीसुद्धा घेऊ नका."

त्या काळातल्या साहेबांनी बारसं कधी पाहिलेलं नसे, पण मरणं रोज पाहिलेली असत. सुतक त्याला बरोबर कळलं. तो दोन पावलं मागं सरकला, हात मागं घेतले. "अहो, मग आधी सांगायचं ना, ताई! सुट्टी घ्यायची." आणि लिफ्टमध्ये शिरून निघून गेला.

लिफ्ट खाली गेल्याचा आवाज थांबेपर्यंत प्रमिलाताई हलली नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ऐवळेबाई, माझ्या घरात मांजर शिरलंय वाटतं. ओरडतंय. काढून न्या. मी जिन्यापर्यंत जाऊन येते."

मी आत गेले. मंजुळा तिच्या पलंगावर हातपाय झाडत होती. तिला उचलून मी तिथंच, उभ्या उभ्याच पाजलं. मी इतकी रडत होते की माझे अश्रू तिच्या डोक्यावर पडत होते. समोर फडताळावर आमची वाटी होती. धुऊन, पुसून, पालथी ठेवलेली, आत्तींचं नाव वर. घुगऱ्या खाल्ल्या की फेकून दिल्या, कसं कळणार? वाटी उचलून न्यावी असं मनात आलं, पण हात पुढं झाला नाही. ती तिनंच परत द्यायची होती.

घरी आल्यावर आत्तींना सगळं सांगितलं. "तिला कुणी चुलत बहीण नाही, आत्ती. खोटं बोलली ती."

"खोटं कुटं?" आत्ती म्हणाल्या. "घरात तान्हं असल्यावर विटाळ असतोच की."

वाटी मात्र आली नाही. त्या आठवड्यात नाही, त्या वर्षीही नाही. मंजुळा मजल्यावरच्या सगळ्या घरांत वाढली. कुठल्या घरी दूध प्यायली, कुठल्या घरी पहिलं पाऊल टाकलं, हे मला विचारून घ्यावं लागायचं. रोज सकाळी कुठल्यातरी दारातून वाटीभर पाणी यायचं. लिफ्ट वाजली की ती जिथं असेल तिथं गप्प व्हायची. हे तिला कुणी शिकवलं नाही. आणि प्रमिलाताई? तिनं या मुलीकडे कधी मान वर करून पाहिलं नाही. आम्हाला नळाचा दंड मात्र दोनदा केला.

पुढं सरकारला साक्षात्कार झाला की मनोरे ओस पडायला लागलेत, शाळांत बाकं जास्त आणि पोरं कमी. पाटी उतरली. मंजुळा तेव्हा दहा-बारा वर्षांची असेल. तिचं नाव सरकारदरबारी लागलं तेव्हा आत्ती हयात होत्या. लागलं म्हणून आत्तींनी पुन्हा घुगऱ्या करायचा हट्ट धरला, पण हरभरे मिळाले नाहीत. वर्षभरात त्या गेल्या. जाताना वाट्या मला दिल्या आणि म्हणाल्या, "एक बाहेर हाय. ध्यानात ठेव."

ध्यानात ठेवली. पण विचारायचं धाडस काही झालं नाही, आणि खरं सांगायचं तर उत्तराचीही भीती वाटायची. ती बाई खरंच आमची झाली होती, की त्या दिवशी दारात अडकली म्हणून सुटकेपुरतं बोलली? ज्या बाईमुळे माझी दोन्ही पोरं माझ्याजवळ राहिली, तिच्याबद्दल मला एवढंही ठाऊक नव्हतं.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मंजुळा आता मनोऱ्याच्या पाणी समितीत आहे. तोंडानं फटकळ, आजीवर गेलीय. बोळातला जुना नळ बदलायचं काम चाललं होतं आणि प्रमिलाताई काठी टेकत तिथं येऊन उभी राहिली. आता वाकलीय, दिसतंही कमी, पण सवय कुठं जाते?

"हे असं नाही बसवायचं," ती मंजुळेला म्हणाली. "थेंब पडणार."

"नाही पडणार, आजी."

"पडणार. मी सांगते ना."

"आजी, तुमचा काळ गेला आता. मला नका शिकवू."

मी दारातच भाजी निवडत बसले होते. प्रमिलाताईंनी काठी जमिनीवर आपटली.

"तुला नको शिकवू? कालची पोर तू! तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी!"

हे वाक्य माझ्या लहानपणी प्रत्येक म्हातारा माणूस येता-जाता तोंडावर फेकायचा, इतकं की आम्ही कंटाळायचो. पण या मजल्यावर एका अख्ख्या पिढीत ते कुणी कुणाला म्हटलेलं नव्हतं. म्हणणार कसं? कुणाच्या बारशाला कुणी गेलेलंच नव्हतं.

मंजुळेला त्यातलं काही कळलं नाही. "खाल्ल्या असतील," ती पाना फिरवत म्हणाली.

"असतील नाही. वाटीभर खाल्ल्यात. उभ्यानं, दाराला कडी लावून." प्रमिलाताई वळली, दोन पावलं गेली आणि थांबली. "अळणी होत्या. तुझी आजी मीठ विसरली होती."

काठी टेकत टेकत ती आपल्या दारात शिरली. माझ्या मांडीवरची भाजी सगळी खाली सांडली. मंजुळा म्हणाली, "आई, तू हसतेयस का रडतेयस?" मी भाजी गोळा करायला वाकले.

दिवेलागणीला दार उघडलं तर उंबऱ्याबाहेर स्टीलची वाटी ठेवलेली होती. घासूनपुसून लख्ख केलेली, 'चि. सौ. कां. स्वरा हिस मामाकडून', आणि मिठानं शिगोशीग भरलेली. मीठ हातात देत नाहीत, खाली ठेवतात, म्हणून खाली ठेवून गेली होती.

मंजुळा माझ्यामागून डोकावली. "हे मीठ कुणाचं गं, आई?"

"तुझ्या बारशाचं," मी म्हणाले आणि वाटी आत घेतली.